पिवळा थर

माझ्याच घशातल्या खरखरीनं मी दचकून जागा झालो आणि पाहिलं, तर समोरच्या स्टँडमधल्या आठही नळ्यांत पिवळा थर आला होता. स्टुलावर टेकलो तेव्हा त्या तळापासून जांभळ्या टोपणापर्यंत एकसारख्या लाल होत्या. औषध घालून न गोठू दिलेलं रक्त नळीत नुसतं उभं ठेवलं की लाल पेशी आपल्या वजनानं खाली बसत जातात आणि वर फिकट पिवळं पाणी उरतं. कुणाला हलवावं लागत नाही, यंत्र लागत नाही, फक्त वेळ लागतो. तीस वर्षं लोकांचं रक्त काढतोय, थराची उंची बघून वेळ सांगू शकतो. दीड तास तरी झाला, असं मी मनाशी म्हणालो आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक तास चाळीस मिनिटं झाली होती. नियम अर्ध्या तासाचा होता. रक्त गरगर फिरवायचं यंत्र, सेंट्रिफ्यूज, थंड व्हायला दहा मिनिटं लागतात, तेवढं बसावं म्हणून बसलो होतो. यंत्र कधीच थंड होऊन बसलं होतं आणि त्याच्या झाकणावरचा हिरवा दिवा माझ्याकडे बघत होता. हनुवटीवर लाळ आली होती. ती पुसली आणि दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्या क्षणी मला वाटलेली पहिली गोष्ट लाजेची नव्हती, सुटकेची होती, आणि हे मला अजून बोचतं.

मला इस्पितळात सगळे विश्वण्णा म्हणतात. वॉर्डातल्या सिस्टर ज्या हातात शीर सापडत नाही त्या हाताला माझं नाव घेऊन धीर देतात, विश्वण्णा येतील म्हणून. येतो आणि सापडते. त्यात माझी फुशारकी आहे, नाही असं नाही. गेल्या वर्षी डॉ. प्राणेश यांनी मला झोपेच्या विभागात मागून घेतलं ते याच हातासाठी. तिथं खाटा चारच. घोरता घोरता ज्यांचा श्वास अडकतो, रात्रीतून शेकडो वेळा अडकतो आणि त्यांना स्वतःला पत्ता नसतो, अशा माणसांना अंगभर तारा लावून तिथं एक रात्र झोपवतात आणि श्वास किती वेळा थांबला ते मोजतात. रांग पाच महिन्यांची. म्हणून डॉक्टरांनी अभ्यास काढला होता, की सकाळी जाग आल्या आल्या काढलेल्या रक्तात सुजेच्या, प्राणवायू कमी पडल्याच्या काही खुणा मिळतात का, आणि त्यावरून कुणाला आधी खाटेवर घ्यायचं हे ठरवता येईल का. नुसत्या रक्तावरून आजार ठरत नाही, हे ते प्रत्येकाला दोनदा सांगत. अभ्यासाला आलेले बहुतेक चालक होते, कारखान्यांच्या बस चालवणारे, आनेकल आणि इलेक्ट्रॉनिक सिटीकडचे. पहाटे सहाला मी त्यांच्या खाटेशी जाऊन उठायच्या आत रक्त काढायचं, अर्ध्या तासात फिरवायचं, पिवळं पाणी वेगळं करून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये टाकायचं. उशीर झाला तर नळीतल्या पेशी गप्प बसत नाहीत, त्या जिवंत असतात, काहीबाही सोडत राहतात, आणि मग आकडा त्या माणसाचा राहत नाही, उशिराचा होतो.

आता माझी एक सवय सांगायला हवी. नोंदवहीत तीन रकाने असतात, रक्त कधी काढलं, कधी फिरवलं, कधी गोठवलं. हे तिन्ही मी सकाळी आल्या आल्याच भरून टाकतो. वाईट हेतूनं नाही. हातमोजे चढवले की पेन धरता येत नाही, आणि माझ्या वेळा कधी चुकतच नाहीत, मग दोन मिनिटं आधी लिहिलं काय, नंतर लिहिलं काय. तपासणीला येणारे लोक माझं अक्षर बघून वही एकमेकांना दाखवतात. त्या सकाळीही वहीत सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, काढलं सहा दहा, फिरवलं सहा पस्तीस. मला खोटं लिहावं लागलं नाही. ते आधीच लिहून झालं होतं, मला फक्त वही मिटायची होती. मी नळ्या यंत्रात घातल्या, फिरवल्या, पिवळं पाणी थेंब न सांडता काढलं, बारीक कुप्यांवर क्रमांक चिकटवले, आणि वही मिटली.

घरी येलहंक्याला जाताना बसमध्ये जागा असूनही मी उभा राहिलो. हेही कित्येक वर्षांचं आहे. बसलो की डोळा लागतो, डोळा लागला की आमच्या जंक्शनच्या थांब्याच्या पुढं जातो. लोक म्हणतात, वय झालं. मी म्हणतो, पहाटे चारला उठतो, डोळा लागणार नाही तर काय. आणि आमच्या घराण्यात झोपेचं कौतुकच होतं. आम्ही साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं कन्नड मुलखात आलेल्या माणसांचे वंशज, मराठी घरात बोलतो, शिव्या आणि पाढे मात्र कन्नडमध्ये. आप्पा, म्हणजे माझे वडील, येलहंका स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. रविवारी दुपारी सारूभात जेवून चटईवर आडवे झाले की त्यांचं घोरणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू जायचं, आणि येणारे-जाणारे हसून म्हणायचे, राव झोपले वाटतं. आई त्यात अभिमान मानायची. कष्ट करणाऱ्या माणसाची झोप ती, असं म्हणायची. मी आणि माझी बहीण संयोगिता, आमची अक्का, त्यांच्या डोक्याशी पोटावर पडून एक खेळ खेळायचो. आप्पांचं घोरणं मध्येच तुटायचं. एकदम शांत. पोट हलायचं, छाती उसळायची, पण आवाज नाही. मग आम्ही कुजबुजत मोजायचो, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मध्येच आप्पा मोठ्यानं हुंकारायचे, कूस बदलायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. किती अंक होतील हे आधी सांगायचं, ज्याचं जवळ येईल तो जिंकला, आणि जिंकणाऱ्याला उरलेल्या भाकरीवरचं लोणी मिळायचं. इप्पत्तेळु, सत्तावीस, हा उच्चांक होता. तो अक्काचा. मला आठवतं, सत्तावीसला आप्पांनी श्वास घेतला तेव्हा मी हिरमुसलो होतो, कारण मी वीस म्हणालो होतो.

आप्पा सत्तावन्नाव्या वर्षी झोपेत गेले. नशीबवान, असं सगळे म्हणाले. कुणाला काही करावं लागलं नाही, स्वतःलाही त्रास नाही. मी तेव्हा सव्वीसचा होतो आणि मीही तेच म्हणालो. त्या आठवड्यात आई अक्काच्या बाळंतपणाला गेली होती. पुष्कळ वर्षांनी, माझ्या लग्नानंतर, ती एकदाच बोलली, तांदूळ निवडता निवडता. म्हणाली, इतकी वर्षं घोरताना ते थांबले की मी पाय लावायची, तेवढे चार दिवस पाय लावायला कुणी नव्हतं. मी म्हणालो, काहीतरीच काय. तिनं पुढं तांदूळ निवडले.

दहा दिवसांनी मुग्धा प्रयोगशाळेत आली ती जवळजवळ धावत. मुग्धा आमच्या अभ्यासाची संशोधक, नागपूरची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक सिटीत मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. मला काका म्हणते, आणि माझ्या मराठीतले कन्नड शब्द वहीत टिपून ठेवते. तिच्या हातात निकालांचा कागद होता. त्या सकाळच्या चौघांचेही आकडे चढे होते, आणि त्यातल्या एकाचे फारच. शिवकुमार. मला तो आठवत होता, आनेकलचा, कारखान्याची बस चालवणारा, दंडावर शीर चांगली ठळक असलेला, सुई टोचताना माझ्याकडे न बघता आपल्या मुलीच्या शाळेविषयी बोलणारा.

"काका, हे बघा ना," मुग्धा म्हणाली. "ह्याची रात्रीची टेस्ट जवळपास नॉर्मल आहे, पण ब्लड बघा. म्हणजे रात्रीला जे सापडलं नाही ते ब्लडला सापडलं. असं असेल तर किती मोठं आहे हे."

तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी कागदाकडेच बघत राहिलो. ती पुढं बोलत होती. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले सावध राहायला हवं, पन्नास माणसं रोज नेतो तो, पुन्हा रात्रीची तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नको असं त्याला कळवू. खाट मिळायला निदान महिना लागेल. उद्या त्याला बोलावलंय. मी सरी म्हणालो, म्हणजे बरं. ती गेल्यावर मी स्टुलावर बसलो आणि लगेच उठलो, कारण ते तेच स्टूल होतं.

त्या दिवशी मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि स्वतःशी वाद घातला. एक मन म्हणत होतं, महिन्याचाच प्रश्न आहे, पुन्हा तपासणी होईल, सगळं नीट निघेल, तो पुन्हा गाडीवर बसेल. दुसरं मन म्हणत होतं, तू त्याच्या जागी असतास तर. मग पहिलं मन चिडायचं. तीस वर्षांत एक चूक. कुणाची होत नाही? आणि सांगणार काय, तर झोप लागली. सुई चुकली म्हणून सांगता येतं, नळी फुटली म्हणून सांगता येतं. चौपन्न वर्षांच्या माणसाला सकाळी आठच्या सुमाराला कामावर झोप लागली, हे सांगितल्यावर माझ्या हाताचं काय राहणार होतं? ज्याच्या हातानं लोक डोळे मिटून दंड पुढं करतात त्याचेच डोळे मिटतात, हे एकदा बाहेर गेलं की मागं घेता येत नाही. मला भीती वाटत होती. आकड्यांची नाही, माझ्याबद्दल मला जे वाटतं ते जाण्याची. आणि त्या भीतीच्या खाली आणखी एक भीती होती, तिच्याकडे मी बघत नव्हतो. ती जुनी होती, चटईएवढी जुनी.

मग मुग्धाच्या टेबलाशी जाऊन मी वही उघडून तिच्यापुढं ठेवली. म्हणालो, ह्या वेळा खऱ्या नाहीत. तिला कळेना. मग सगळं सांगितलं. ती वहीतल्या माझ्या अक्षराकडे बघत होती. तिचा आनंद उतरताना मी पाहिला आणि तो माझ्यामुळं उतरत होता.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

"एक तास चाळीस मिनिटं."

"तुम्ही झोपला होतात ना, मग इतकं नक्की कसं?"

मी तिला पिवळ्या थराविषयी सांगितलं. ती रागावेल असं मला वाटलं होतं, मला ते चाललं असतं. ती रागावली नाही. तिनं ड्रॉवर उघडून आमचीच प्रश्नावली काढली, आठ प्रश्नांची, येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची असते ती. हे प्रश्न गेलं वर्षभर मीच कन्नडमध्ये लोकांना विचारत आलोय. मोठ्यानं घोरता का. दिवसा पेंग येते का. रक्तदाब आहे का. मानेचा घेर किती. मी त्यांची उत्तरं लिहायचो, त्यांच्या बायकांना हसवायचो, आणि मला एकदाही वाटलं नाही की हे प्रश्न माझ्याकडेही तोंड करून उभे आहेत. मुग्धा एकेक विचारत गेली आणि मी शाळेतल्यासारखा हो, हो म्हणत गेलो. मग एका प्रश्नाला अडलो. झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का?

"माझ्या वडलांचा मी पाहिलाय," मी म्हणालो. "सत्तावीसपर्यंत."

"काका, तुमचा."

मला ठाऊक नव्हतं. हे कावेरीला विचारावं लागणार होतं.

डॉक्टर प्राणेश ओरडले नाहीत, पण मऊपणे माझ्याकडून फ्रीझरची किल्ली मागून घेतली. तुमच्यावर उपचार होईपर्यंत नळ्यांचं काम नको, म्हणाले. शिवकुमारला दुसऱ्या दिवशी बोलावलं होतंच. मी आपण होऊन त्याला सांगितलं की तुमचं रक्त खराब नव्हतं, माझ्या हातून बिघडलं, मला झोप लागली. आम्ही गाडी चालवताना कधी असं झालं तर कुणाला सांगत नाही, विश्वण्णा, असं तो कन्नडमध्ये म्हणाला, आणि बाही वर करून दंड पुन्हा पुढं केला. रक्त दुसऱ्यानं काढलं. आकडे साधेच निघाले. त्याची बस चालू राहिली.

घरी कावेरी कुकर लावत होती. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून कावेरीची गादी दुसऱ्या खोलीत असते, दार उघडं ठेवून. मी समजत होतो आवाजाचा त्रास होतो म्हणून. ओट्याशी उभा राहून मी तिला प्रश्नावलीतला प्रश्न जसाच्या तसा विचारला. तिनं गॅस बारीक केला.

"सांगितलं की तुम्हाला कोप येतो," ती म्हणाली. "आमच्या घराण्याची झोप म्हणता. मग मी सांगायचं सोडलं."

"थांबतो का?"

"स्वल्प थांबतो का विचारता? मोजते मी. एकदा मूवत्तोंदुपर्यंत गेलं. मग येऊन पाय लावला."

एकतीस. अक्काचा उच्चांक मोडला होता. मी झोपलेला असताना ही बाई दुसऱ्या खोलीत अंधारात आकडे मोजत पडलेली असते आणि ठरावीक आकड्यानंतर उठून येते. घोरण्याचा त्रास नाही हो, ती म्हणाली, तुम्ही घोरत असलात की मला झोप लागते, गप्प झालात की जाग येते. आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच मला रडू आलं. रडलो. कुकरची शिट्टी झाली तेव्हा तिनं माझ्या पाठीवरचा हात काढून गॅस बंद केला.

माझी रात्र त्या चार खाटांपैकी खिडकीकडच्या खाटेवर गेली. तिच्याविषयी मला काही सांगता येत नाही, कारण मी झोपलो होतो. सकाळी सहाला मुग्धा ट्रे घेऊन आली. रक्त काढायला ती माझ्याकडेच शिकली होती आणि माझंच काढायचं म्हणून तिचे हात गार पडले होते. पहिली सुई शिरेच्या बाजूनं गेली. तीस वर्षांत मला कुणी टोचलं नव्हतं, दुखतं हे मी विसरलो होतो. मी म्हणालो, घाई नाही, बोटानं आधी चाचप, फुगलेली वाटली की मग. दुसरी बरोबर लागली. नळी भरत गेली, गडद लाल, एकसारखी. तिनं ती आठ वेळा उलटीपालटी केली आणि कोऱ्या रकान्यात, हातमोजा काढून, वेळ लिहिली. सेंट्रिफ्यूज थंड होईपर्यंत स्टूल ओढून माझ्या खाटेशी बसली आणि दिव्याकडे डोळा ठेवून मला नागपूरच्या संत्र्यांविषयी काहीबाही सांगत राहिली.

तासाला एकेचाळीस वेळा थांबला, असं डॉक्टर प्राणेश म्हणाले. रक्तातल्या खुणाही वर होत्या. पण रक्ताचा कागद त्यांनी बाजूला ठेवला आणि रात्रीचा आलेख दाखवला. त्यात माझा श्वास एका रेघेत होता, आणि रेघ जागोजागी सपाट झालेली होती. आप्पांची कधी कुणी काढली नाही ती रेघ. मी विचारलं, हे बरं होतं का? ते म्हणाले, यंत्र रोज लावलंत तर श्वास अडकणार नाही, पेंग जाईल, रक्तदाबालाही बहुधा मदत होईल, खुणांचं काय होतं ते तीन महिन्यांनी पुन्हा रक्त काढून बघू, तो आमच्याही शिकण्याचा भाग आहे. आणि किल्लीचं? तेही तीन महिन्यांनी बघू, म्हणाले. मी सरी म्हणालो. सत्तावन्नातून चौपन्न वजा करायला गेलो आणि ते गणित सोडून दिलं.

यंत्र म्हणजे उशाशी ठेवायचा डबा आणि नाकावर बांधायचा मुखवटा, नळीसकट. पहिला आठवडा मी ते काढून फेकायचो. पट्ट्याचे वळ गालावर उठायचे, नाकात वारा शिरायचा, कावेरी मला हत्ती म्हणायची. मग सवय झाली. कधी झाली ते कळलं नाही. एकदा बसमध्ये मी बसून आलो. हेब्बाळचा पूल गेला, पुढचे थांबे गेले, आणि मी खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत होतो. जंक्शनच्या थांब्यावर बरोबर उतरलो आणि कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून अक्काला फोन केला. तिला सांगितलं, तूही एकदा तपासून घे. ती म्हणाली, आपण मोजायचो ना रे. हो म्हणालो. तेव्हा कळलं नाही, ती म्हणाली. लहान होतो, मी म्हणालो, आणि हे म्हणताना पहिल्यांदा ते मला खरं वाटलं.

परवा रविवारी दुपारी सारूभात झाला आणि मी यंत्र लावून आडवा झालो. कावेरी उशाशी खुर्ची ओढून मटार सोलत बसली. अजून ती बसते. यंत्रावर तिचा विश्वास आहे, पण पुरता नाही. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली आलं होतं. नेहमीसारखा घशातून आवाज आला नव्हता, दचकलो नव्हतो, नुसते डोळे उघडले होते. कुठंतरी होतो, पुष्कळ माणसं होती, स्वप्न होतं बहुतेक. कितीतरी वर्षांनी पडलेलं. मान वळवून पाहिलं तर कावेरी खुर्चीत झोपली होती. डोकं एका बाजूला, मांडीवर सूप, मुठीत न सोललेली शेंग तशीच. अठ्ठावीस वर्षांत मी झोपलेलो असताना ती झोपलेली मी पाहिली नव्हती, पाहणार कसा. मी मुखवटा हलकेच काढला. तिची छाती खाली गेली आणि घर शांत झालं. मी ओंदु म्हणालो. एरडु म्हणायच्या आत तिचा पुढचा श्वास आला. मग मी पुन्हा ओंदु म्हणालो.